खोत विहिरीबाहेर होता तेव्हा

मेच्या मध्यावर आमच्याकडे विहीर उपसतात. आता घरात नळ आहे, विहिरीचं पाणी झाडांना आणि भांडी घासायला, तरीही उपसतात. परवा सकाळी पंप धडधडायला लागला, गढूळ पाणी पाटातून माडांच्या आळ्यांकडे धावू लागलं, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून पडवीतल्या खुंटीवरची बांबूची टोपली काढली. वास्तविक त्या टोपलीचं आता विहिरीत काही काम उरलेलं नाही. पंपवाला म्हणाला, "वहिनी, गाळाला माझ्याकडे घमेली हायत. टोपली कशाला?" मी म्हटलं, "असू दे." विहीर उपसायची म्हणजे सगळ्यात आधी टोपली खाली सोडायची, ही रीत माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, घालून दिलेली. गेल्या दिवाळीनंतर अण्णा गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला मे महिना.

गाळ वर येऊ लागला की एक वास सुटतो. ओल्या जांभ्या दगडाचा, कुजलेल्या पानांचा, थोडासा गंजाचा. एकीकडे उन्हात वाळणाऱ्या कोकमांचा आंबट वास, घरातून आढीतल्या आंब्यांचा गोड वास, आणि मधोमध हा. घाटावरच्या माणसाला तो पहिल्या फटक्यात आवडणं शक्यच नाही. मलाही आवडला नव्हता. आता मात्र तो नाकात शिरला की मला नव्याण्णव सालचा मे आठवतो, आणि मी उगीचच खूश होते.

मी कराडकडची. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवू लागले. "एवढ्या लांब दिली गं पोरगी," म्हणून माझ्या मावशीने मांडवातच डोळ्यांना पदर लावला होता, जशी काही मी अंदमानालाच निघाले होते. नवरा चिपळूणला बँकेत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच काही वर्षं वारलेल्या. मी त्यांना ओळखायची ती देवघराशेजारच्या फोटोतून. म्हणजे आठवडाभर त्या चढावरच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर तिथे लोकांचं ऐकून ऐकून बहुधा बोलायचं राहूनच गेलं असावं. "पाणी तापलं." "शाळेला उशीर होईल." "भात छान." असं त्यांचं बोलणं, तार केल्यासारखं. मी बोलकी. माहेरी माझ्या तोंडाला कुलूप लावायची भाषा व्हायची. इथे मला बोलायला माणूस नव्हतं आणि भिंतींनाही गप्प बसायची सवय.

पहिल्याच आठवड्यात विहिरीवर गेले. पोहरा सोडला, खाली वाकून बघितलं, तर तळाशी काहीतरी काळं हललं. मी जी किंचाळले, ती शेजारच्या माईकाकू धावत मधल्या दगडी गडग्यापर्यंत आल्या. अण्णा पडवीतूनच म्हणाले, "खोत हय तो. ओरडू नको गो, त्याला नाय आवडत."

खोत म्हणजे विहिरीतलं कासव. इकडे जुनी पद्धतच होती, नवी विहीर खणली आणि पाणी लागलं की तिच्यात एक कासव सोडायचं. डासांच्या अळ्या खातं, पडलेलं-मेलेलं खातं, पाणी स्वच्छ ठेवतं. आमची विहीर, इकडच्या बोलीत बाव, खणली तेव्हा अण्णांनी गावच्या वहाळातून, म्हणजे ओढ्यातून, कासवाचं पिल्लू कळशीत घालून आणलं होतं. सासूबाईंनी त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने त्याला खाली सोडलं. नावही त्यांनीच ठेवलं. आमचं घराणं कुळांचं, खोती कधी नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "बाव त्याची, पाणी त्याचं. तो खोत, आपण कुळं." आणि म्हणून रोज सकाळी खोताला भाताचा गोळा जायचा.

सासूबाई गेल्यावर ते काम अण्णांकडे आलं. सकाळी चहाच्याही आधी ते कठड्याशी उभे राहायचे. रात्रीच्या भाताचा लिंबाएवढा गोळा खाली टाकायचे. अंधाऱ्या पाण्यात आधी एक ठिपका दिसायचा, तो वर येता येता ताटलीएवढा व्हायचा, मान बाहेर यायची. आणि अण्णा बोलायचे! चांगली पाच-सहा वाक्यं बोलायचे. शब्द ऐकू यायचे नाहीत, पण ओठ हलताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मला खोताचा हेवा वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

विहिरीवर फणसाचं झाड ओणवलेलं आहे. माघ-फाल्गुनात त्याची पानं गळायला लागली आणि माझा संयम संपला. प्रत्येक पोहऱ्यात पानं. काढली की पुढच्या पोहऱ्यात पुन्हा पानं. मी पानांवर करवादायची, फणसावर करवादायची, एकदा पोहऱ्यालाही दोन शब्द सुनावले. अण्णांना मी काही बोलले नव्हते. पण पुढच्या रविवारी ते सकाळीच रिक्षाने मिरकरवाड्याला गेले, कोणा ओळखीच्या ट्रॉलरवाल्याकडून जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा घेऊन आले, आणि भर उन्हात एकट्याने विहिरीच्या तोंडावर ताणून बांधला. मध्ये पोहरा जाईल एवढी चौकोनी जागा ठेवली. इकडे बऱ्याच विहिरींवर असं जाळं दिसतं, त्यात नवल नाही. बांधून झाल्यावर मला म्हणाले, "आता बघ." तेवढंच. पानं जाळ्यावर अडकू लागली आणि पाणी नितळ येऊ लागलं. मी मावशीला फोनवर सांगितलं, सासरा मुका आहे पण गुणी आहे.

मे उजाडला. शाळेला सुटी लागली. विहीर उपसायला शांताराम आला. दरवर्षी तोच उतरायचा. वय झालं होतं, पण जांभ्याच्या खाचांत पाय रोवून सरसर खाली जायचा. रीतीप्रमाणे आधी टोपली सोडली. टोपलीतून खोत वर यायचा, त्याला विहिरीशेजारच्या दगडी दोणीत ठेवायचं, दिवसभरात गाळ काढून व्हायचा, संध्याकाळी झऱ्यांनी पाणी धरलं की पुन्हा खोताची स्वारी खाली. पण त्या दिवशी टोपली हललीच नाही. खालून शांतारामचा आवाज आला, "अण्णानू, ह्येच्या पायात जालं हाय वो!"

वाऱ्याने जाळ्याचा एक कोपरा केव्हा तरी फाटून पाण्यात लोंबला होता. त्यातली नायलॉनची दोरी खोताच्या मागच्या उजव्या पायाला गुंडाळली गेली होती. शांतारामने विळ्याने जाळं तोडून त्याला वर पाठवलं. पायाभोवतीचे वेढे मी माझ्या भरतकामाच्या कात्रीने एकेक करून कापले. दोरी कातडीत रुतली होती, पाय सुजला होता, आणि जखमेत पांढरट पू दिसत होता. शांताराम वर येऊन बघून म्हणाला, "पाय शाबूत हाय. जकम बारकी हाय, चिगळू देव नका म्हंजे झालं."

अण्णा दोणीच्या काठावर बसले. "मीच बांधलं," एवढंच म्हणाले. मग उठले आणि उरलेलं जाळं सोडायला लागले. गाठी सुटेनात, तर मी कात्री पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. नखांनी सोडवत बसले. खालून गाळाची घमेली येत राहिली. दरवर्षीसारखे त्यात पांढऱ्या टरफलांचे तुकडे होते. शांताराम म्हणायचा चुना सुटलाय भिंतीचा, अण्णा म्हणायचे गोगलगायी असतील. गाळ केळींना गेला आणि त्या तुकड्यांकडे कोणी बघितलं नाही.

आता प्रश्न असा की जखमी खोताला ठेवायचं कुठे. पावसाआधी पाय बरा व्हायला हवा, हे अण्णांनी लगेच सांगितलं. मृगानंतर आमची विहीर झरझर भरते. मग खोताला विश्रांतीला एकच जागा, भिंतीतली एक कपार. तिच्यावर चढायला चारही पाय धड पाहिजेत. चढता आलं नाही तर भरल्या विहिरीत पोहून पोहून दमायचा. कासवही बुडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ रिकामं केलं. तळाशी गोणपाट घातलं. जखमेला काय लावायचं यावर अण्णांचं आणि माईकाकूंचं लगेच एकमत झालं. हळद आणि खोबरेल तेल. कोकणात माणूस पडो, गाय पडो, की पाटाचा पाय मोडो, औषध तेच. लावलं. सकाळी बघते तर न्हाणीघराच्या उंबऱ्यापासून घंगाळापर्यंत लाल मुंग्यांची रांग. खोबरेलाचा वास त्यांना आधी लागला होता. खोताने पाय कवचात ओढून घेतला होता आणि मुंग्या आत शिरायला वाट शोधत होत्या. दुष्काळात तेरावा महिना! मी पाणी ओतून मुंग्या हाकलल्या, आणि मग दुधाच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत ठेवतात तसं ते घंगाळ पाण्याने भरलेल्या परातीत ठेवलं. अण्णा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "डोकं हय गो तुला." सहा महिन्यांतलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. मी ते अजून विसरलेले नाही.

मग खोताला टोपलीत घालून, वर ओला पंचा पसरून, रिक्षाने जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर भले होते. टेबलावर कासव बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गाई-म्हशी, बकऱ्या, एकदा माकडसुद्धा," ते म्हणाले, "पण हे पाहुणे पहिल्यांदाच." तरी नीट बघितलं. जखम पोटॅशियमच्या पाण्याने धुवा, हे मलम लावा, आणि जखम भरेपर्यंत त्याला कोरडं ठेवा. रिक्षावाल्याने परतताना विचारलं, "अण्णा, टोपलीत कोंबडा काय?" अण्णा म्हणाले, "खोत." रिक्षावाल्याने पुढे काही विचारलं नाही.

कोरडं ठेवलं, तर खोत खाईना. भाताचा गोळा समोर ठेवला, मान वळवली. पोळी, नाही. भाकरी मी मुद्दाम केली, घाटावरचा मान म्हणून; तिच्याकडे तर बघितलंही नाही. केळं, काकडी, सोललेली कोळंबी. माईकाकू रोज गडग्यावरून डोकावायच्या, "काय गो, आज काय नैवेद्य?" अण्णांनीही जेवण कमी केलं. ताट पुढे ओढायचे, दोन घास खायचे, "पोट भरलं." मी एका रोग्याची शुश्रूषा करत होते की दोन, कळेना.

एका सकाळी जखम धुताना मी घंगाळात बोटभर पाणी घातलं होतं. दुसऱ्या हातात हापूसची कोय होती, चोखत होते. काम करताना खाऊ नये हे मला कोणी शिकवलेलं नाही. तिचा एक लगदा पाण्यात पडला. खोताची मान सटकन बाहेर आली, लगदा तोंडात, आणि पाण्याखाली डोकं घालून गटकन गिळला. मी थक्क. पुन्हा एक टाकला. पुन्हा गट्टम. बिचाऱ्याच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरतच नव्हतं आणि आम्ही त्याला कोरड्या ताटात पंचपक्वान्नं वाढत होतो! मी "अण्णाऽऽ" म्हणून हाक मारली ती अशी की माईकाकूही आल्या. अण्णा घंगाळापुढे मांडी घालून बसले. आंब्याच्या फोडी करून एकेक टाकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

तेव्हापासून नेम ठरला. सकाळ-संध्याकाळ बोटभर पाण्यात जेवण, मग पाय टिपून मलम, मग दिवसभर कोरडं. मी पाय धरायची, अण्णा मलम लावायचे. खोत पाय आत ओढायचा, मग आम्ही दोघं गप्प बसून वाट बघायचो. आणि त्या वाट बघण्यात अण्णा बोलायला लागले. एक पाय बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दोन माणसांना शेजारी बसून काढायचा तर काहीतरी बोलावंच लागतं.

एकदा मी विचारलं, "अण्णा, तुम्ही सकाळी ह्याच्याशी काय बोलायचात हो?"

अण्णांनी मलमाचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुझी सासू बोलायची त्याच्याशी. कठड्यावर वाकून तासतासभर. माझ्या सगळ्या तक्रारी त्याच्यापाशी. माझ्याशी बोलून उपयोग नाय हे तिला लवकर कळलं होतं." हसले. "ती गेल्यावर मला वाटलं, तिने काय काय सांगितलं ते आता त्यालाच ठाऊक. मी आपला दोन शब्द बोलतो. हा गेला गो, तर तिचं ऐकलेलं कोणीच उरत नाय."

मी खोताचा पाय धरून बसले होते. त्या जखमेत काय काय अडकलंय हे मला तेव्हा समजलं. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, तुला बरं व्हायलाच पाहिजे.

आणि तो बरा होऊ लागला. पू गेला, खपली धरली. अंगात बळ आलं तसं त्याला घंगाळ आवडेनासं झालं. त्याला घरात मोकळं सोडलं की उजवा पाय ओढत, फरशीवर नखं खरखरवत फिरायचा. एका दुपारी नाहीसाच झाला. न्हाणीघर, पडवी, कोठी, सगळं शोधलं. अण्णा दोनदा विहिरीत डोकावून आले. शेवटी मी आंबे काढायला माजघरात गेले, तर आढीतला पेंढा हलत होता. पेंढा बाजूला केला. खोत चार फुटलेल्या आंब्यांच्या मध्ये बसला होता, नाकापासून मानेपर्यंत पिवळा. पाण्याचा नियम हापूसला लागू नसावा. अण्णा इतके हसले की त्यांना उचकी लागली. सासूबाईंच्या फोटोकडे बघून म्हणाले, "बघ, खोताने वसुली केली."

रोहिणी संपत आली. ढग समुद्रावरून येऊन बघून जायचे. अंगाला कपडा चिकटायचा, दिवे जायचे, हातपंख्याने वारा घेत बसायचं. पाय जवळजवळ बरा झाला होता; दोन नखं मात्र गेली आणि पंजा थोडा ताठ राहिला. अण्णांनी शांतारामला निरोप धाडला, येत्या रविवारी खोताला खाली सोडूया, कपारीशी नीट बसवायला तू उतर.

त्याच्या आदल्या संध्याकाळी खोत परसात होता. स्वयंपाकघराचं पाणी जिथे जातं त्या केळीच्या आळ्यात जाऊन तो फिरत राहिला. माती हुंगल्यासारखं करायचा, वळायचा, पुन्हा हुंगायचा. मग एका जागी पाठ करून उभा राहिला आणि मागच्या पायांनी माती उकरू लागला. आधी डावा पाय. चिमूटभर माती बाहेर. मग उजवा. उजवा पाय आत जायचा, वळायचा, वर यायचा, पण त्यात माती यायची नाही. ताठ पंजा रिकामा यायचा. पुन्हा डावा, चिमूटभर. पुन्हा उजवा, रिकामा. पाळी काही चुकायची नाही.

अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही. "चमचा आण," म्हणाले. हळू आवाजात.

मी चहाचा चमचा आणला. अण्णा गुडघ्यांवर बसले. उजवा पाय रिकामा वर आला की ते चमच्याने तेवढीच माती अलगद काढायचे. मग थांबायचे. डाव्याची पाळी डाव्याने केली की पुन्हा उजवा, पुन्हा चमचा. खोताने मागे वळूनही बघितलं नाही. खळगा वीतभर झाला. आणि मग त्यात एक अंडं पडलं. लांबट, पांढरं, ओलं. मग दुसरं. मग आणखी.

विहिरीतला खोत बाई होती. इतकी वर्षं आमच्या घरात कोणाला पत्ता नव्हता. मला हसूच येणार होतं. पण मी अण्णांकडे बघितलं. ते त्या अंड्यांकडे बघत नव्हते, शेजारी पसरलेल्या गाळाकडे बघत होते, विहिरीतून निघून वाळून गेलेल्या. त्यात ते पांढरे तुकडे तसेच होते. अण्णांनी एक उचलला. आतून पोकळ, वाकलेला, पातळ. चुना नव्हता आणि गोगलगायही नव्हती.

"दरवर्षी," अण्णा म्हणाले. "दरवर्षी निघायचे गो हे."

दरवर्षी तिला अंडी व्हायची, आणि चहूबाजूंनी उभी भिंत. मातीच नाही. पाण्यातच सोडून द्यायची ती, आणि आम्ही दरवर्षी ते तुकडे घमेल्याने काढून केळींना घालायचो. मला रडू आलं. कासवासाठी कोणी रडतं का, असं मीच चार महिन्यांपूर्वी म्हटलं असतं.

खोताने खळगा बुजवला. उजवा पाय मातीवर नुसता फिरत होता, अण्णांनी हाताने माती सारली. मग ते तिथेच बसून राहिले. मी दिवा लावून आले तरी बसलेलेच.

"त्या अंड्यांतून काय निघायचं नाय," मी शेजारी बसल्यावर अण्णा म्हणाले. "एकटीची ती. नुसती."

रविवारी शांताराम आला. टोपली तयार होती. विहिरीला पाणी चांगलं आलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, चला. कपारीत बसवूया." आता मलाच ती विहिरीत हवी होती, सकाळी उठून ठिपका मोठा होताना मला बघायचा होता, अण्णांचे ओठ हलताना बघायचे होते. अण्णा टोपली घेऊन कठड्यापर्यंत गेले. खाली वाकून बघितलं. मग टोपली उचलून परत फिरले.

"बावीत माती नाय गो," म्हणाले.

आमच्या आंब्याच्या कलमांच्या मागे, उताराच्या तळाशी, बारमाही वहाळ आहे. मेमध्येही करंजाखाली कमरेएवढं डबकं राहतं. त्या वर्षी ते डबकं काठोकाठ होतं आणि काठाला ओली माती होती. अण्णांनी टोपली कलती केली. खोताने मान बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. चार पावलं चालून ती पाण्याशी थांबली. "तिचं जे ऐकलंस ते ठेव तुझ्यापाशी," अण्णा म्हणाले. शांतारामने टोपी काढून हातात घेतली होती. मग खोत पाण्यात शिरली, आणि वर बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी अण्णा सवयीने भाताचा गोळा घेऊन विहिरीवर गेले. मी खिडकीतून बघत होते. थोडा वेळ उभे राहिले. गोळा कठड्यावर कावळ्याला ठेवला आणि परत आले. नेहमी चहा पडवीत घ्यायचे, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. कप खाली ठेवला.

"तुझी सासू ना गो," म्हणाले, "लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर जायला घाबरायची..."

आणि मग अण्णा जाईपर्यंत, दहा वर्षं, ते बोलत होते. रोज उंबऱ्यावर, चहाबरोबर. सासूबाईंनी कशाला रुसून जेवण सोडलं, त्यांना कोणती गोष्ट हवी होती जी अण्णांनी आणली नाही, कोणत्या पावसात दोघांनी मिळून गडगा बांधला. काही तक्रारी अण्णा स्वतःविरुद्ध सासूबाईंच्या आवाजात करायचे. ज्या बाईला मी कधी बघितलं नाही, ती मला सगळ्यात जास्त ठाऊक आहे.

खोत परत आली, तिसऱ्या वर्षी. तिला बघितलं नाही, माग बघितला. पावसाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या, केळीच्या आळ्यातल्या ओल्या मातीत पावलांच्या तीन-तीन खुणा आणि चौथ्या पायाची ओढलेली रेघ. अण्णांनी लगेच ती बांबूची टोपली आणली, उकरलेल्या मातीवर उपडी घातली, मुंगसाने उलथू नये म्हणून वर जांभ्याचा चिरा ठेवला, आणि एका कडेखाली करवंटीचा तुकडा सारला, पिल्लांना बाहेर पडायला. त्या वर्षी खरोखरच लिंबाएवढी पिल्लं निघाली. माईकाकूंच्या जावयाने नवी विहीर खणली होती, त्याला त्यातलं एक हवं होतं. अण्णा म्हणाले, "आमच्याकडून नाय." कारण सांगितलं नाही. माईकाकू महिनाभर गडग्याशी आल्या नाहीत.

पुढे काही वर्षी माग दिसला, काही वर्षी नाही. म्हणून ती टोपली खुंटीवर. म्हणून परवा मी ती काढली आणि पंपवाल्याला कारण सांगितलं नाही.

काल संध्याकाळी वळवाची सर पडून गेली. भांड्यांचं पाणी टाकायला मागच्या दाराशी गेले, तर केळीखाली काहीतरी हललं. खोत. पाठ आमच्या घराकडे, तोंड वहाळाकडे. केवढी झाली होती, मोठ्या परातीएवढी! डावा पाय चिमूटभर माती काढत होता. उजवा आत जात होता, वळत होता, रिकामा वर येत होता.

मी आत जाऊन चमचा आणला. गुडघ्यांवर बसले. उजव्याची पाळी आली की तेवढी माती काढायची, मग थांबायचं. तिच्या पाठीवर केव्हाच्या तरी कुंकवाचा काही मागमूस उरलेला नव्हता.

खळगा वीतभर झाल्यावर मी तिला सांगितलं, "अण्णा गेले गो, खोत."

ती थांबली नाही. डावा पाय, मग उजवा. मी चमचा घातला, आणि पुढचं सांगायला लागले.